विहिरीकडच्या चार ओळी

डाळज
१८ सप्टेंबर २०२४

सिद्धूदादा,

पत्र फाडायचं असेल तर फाड, पण आधी पाकिटातली दोन पानं बाहेर काढ. दोन्ही आपल्याच पेरूच्या बागेतली आहेत. ओल्या कापसात गुंडाळून दिली आहेत, म्हणजे दोन दिवस तरी टिकतील. एकेक पान कानाजवळ धर आणि मधोमध मोड, लहानपणी तू मला शिकवलं होतंस तसं. एक करकन मोडेल. दुसरं नुसतं वाकेल, आवाज करणार नाही. तू त्याला मुकं पान म्हणायचास. मुकं कोकरांना घालायचं, बोलकं मोठ्या मेंढरांना.

तुझा जुना नंबर लागत नाही. दत्तोबामामांच्या मोबाइलवर मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू 'मेंढरांमागं' होतास. मामी म्हणाली, तुमचा तळ सध्या मोरगावच्या माळावर आहे आणि दळण शंभूराजच्या गिरणीवर जातं. म्हणून त्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला, "ताई, माझी पिठाची गिरणी हाय, टपाल न्हाय." पण नाही म्हणाला नाही. बारामतीहून मोरगावला जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे हे पाकीट देणार आहे.

तुला कुणी सांगितलं की नाही, माहीत नाही. जूनमध्ये मी बी. एस्सी. ॲग्री झाले. आपल्या घरात पहिलीच. आबांनी मंदिरासमोर नारळ फोडला. आई मात्र घरातच बसली होती. "पेढा कुणाच्या तोंडात आधी घालू?" म्हणाली आणि डबा झाकून ठेवला.

आता सहा महिन्यांचं काम मिळालं आहे. आमच्या सरांना शोधायचं आहे की एकाच बागेत काही झाडं पांढऱ्या माशीनं भरून जातात आणि शेजारची काही का वाचतात. काटेवाडीच्या दोन बागा आहेत आणि आपली. मी रोज पानं गोळा करते. पान किती जाड ते मोजायचं, ओलं आणि वाळलेलं वजन करायचं, भिंगाखाली पाठीवरची लव मोजायची. एक सुई आहे, तिच्यावर वजनं ठेवत जायचं आणि कितव्या वजनाला पान टोचलं जातं ते लिहायचं. माशीची सोंड केसाहूनही बारीक असते. ती पानाच्या पाठीवर बसते, सोंड आत खुपसते आणि शिरेतला रस ओढते. पान चिवट असेल तर तिला कष्ट पडतात. मऊ असेल तर पोरंबाळं घेऊन तिथंच राहते.

पहिल्या आठवड्यात सुईची वही बघताना हसू आलं. माझी सुई जे सांगते ते तू कान लावून सांगायचास.

दादा, आपली बाग पांढरी झाली आहे. पानांच्या पाठीवर गोल गोल रांगोळी काढावी तशी अंडी आहेत. वरून चिकटा गळतो, त्यावर काजळी चढते. फळं हातात धरवत नाहीत. आबा रोज एक फेरी मारतात, एखादं पान पालथं करून बघतात आणि परत येतात.

मागचं काही लिहीत नाही. ते झालं ते झालं. फक्त एवढं कर, पानं मोडून बघ आणि कुठलं मुकं आहे ते शंभूराजकडे सांगून ठेव. तेवढा निरोप आला तरी मला पुरे.

तुझी
सारजा


डाळज
२ ऑक्टोबर २०२४

दादा,

शंभूराजचा फोन आला होता. "त्यानं पानं कानाशी धरली, मग पत्र घडी घालून टोपीत ठिवलं." मी विचारलं, काही बोलला? "बोलला की. पीट जाडं दळलंस म्हणला."

मी प्रयोगशाळेच्या मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

निरोप आला नाही, पण टोपीत ठेवलंस. म्हणून पुढचं लिहिते. साठ झाडांची मोजणी झाली आहे. बांधाकडच्या ओळींची पानं जाड आणि कोरडी आहेत, सुईला दाद देत नाहीत. तिथं माशी आहे, पण थोडी. विहिरीकडच्या चार ओळींत एका पानावर मोजता मोजता डोळे दुखतात. तिथलं पान रुंद, पातळ, पाणीदार. मला वाटलं होतं लव जास्त असली की माशी बसणार नाही. पण विहिरीकडच्याच एका झाडाला चांगली लव आहे आणि माशी त्या लवेच्या आडोशाला सुखात आहे. सर म्हणाले, लवेचं काम एवढं सरळ नसतं. पण मऊपणाचं मात्र प्रत्येक बागेत तेच. आणि मऊपणा कुठून येतो तेही वहीत आलं आहे. जिथं युरिया जास्त, पाणी जास्त, तिथं पान भराभर वाढतं, अंगात जोर न धरता मोठं होतं, आणि त्याचा रस माशीच्या पिल्लांना दुधासारखा लागतो.

तुला आठवतं? दोन वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, "सारजे, हिरीकडची झाडं येवडी हिरवीगार कशी गं? कुणाची नजर लागंल." मी हसले होते. त्या चार ओळींना ठिबकमधून दुप्पट युरिया मी देत होते, कुणाला न सांगता. कॉलेजचं दुसरं वर्ष होतं. मला दाखवून द्यायचं होतं की मेंढरांच्या लेंडीखतापेक्षा माझ्या वहीतलं खत भारी आहे. तुला दाखवायचं होतं, खरं म्हणजे.

झाडं हिरवीगार झाली ती आबांनीही पाहिली. तू गेल्यावर मी त्यांना खताचं सांगितलं. तेव्हापासून बांधाकडच्या ओळी सोडून, तिथं ठिबक नाही, सगळ्या बागेला त्यांनी तेच प्रमाण लावलं. त्याला ते 'पोरीची मात्रा' म्हणतात. गावात कुणी विचारलं की अभिमानानं सांगतात.

परवा मी म्हटलं, "आबा, मात्रा बंद करा. पाणी निम्म्यावर आणा. बुडाचे फुटवे काढू, साबणाच्या पाण्यानं पानांची पाठ धुऊ. नवं पान घट्ट व्हायला सहा-सात आठवडे लागतील."

"तूच म्हणलीस द्या. आता तूच म्हणती बंद करा."

"तेव्हा मला कळत नव्हतं."

"मग आता कळतंय कशावरनं?"

दादा, त्यांनी ते चिडून विचारलं नव्हतं. खरंच विचारलं होतं.

शेवटी म्हणाले, "दसऱ्यापतुर बगतो. न्हायतर माझ्या मनानं करतो."

तुम्ही कोकणाकडे कधी उतरणार? पाडवा झाला की निघता ना? एकदा घाट उतरलास की पत्र पाठवायला मला पत्ताच उरणार नाही. त्याआधी मला तुझ्याशी बोलायचं आहे. बागेचंच. बागेचंच आहे ते.

सारजा


डाळज
१४ ऑक्टोबर २०२४

दादा,

दसरा झाला. सोनं घेऊन आईनं तुझ्या काठीपुढे ठेवलं. काठी अजून तिथंच आहे, माजघराच्या कोपऱ्यात.

बांधाकडची माशी निम्म्यावर आली आहे. विहिरीकडची तशीच. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी दोन झाडं धुते. बागेत एकशे ऐंशी झाडं आहेत. तू हसशील.

आज एक विचारायचं आहे. त्या दिवशी तू पाला कुठल्या ओळींतून तोडलास?

मला माहीत आहे, तरी विचारते. छाटणीचा पहिला पाला मेंढरांचा, ही आपल्या घरची रीत. बाग लावली तेव्हाच आबांनी तुला शब्द दिला होता, की झाडं आली म्हणून मेंढरांचं तोंड बंद होणार नाही. त्या सोमवारी आबा इंदापूरला गेले होते. छाटणी दुसऱ्या दिवशी होती. पण कोकरं भुकेली होती आणि तू एक दिवस आधीच कोयता घेतलास. आणि कोवळा पाला हवा म्हणून तू बांधाकडे गेला नसशील. तू पान मोडून बघितलं असशील. मुकं पान विहिरीकडेच होतं.

संध्याकाळपर्यंत अकरा मेंढरं गेली. तोंडाला फेस, अंग थरथरतंय, पाय दुमडतायत. दुपारी डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, सकाळी कळप कुठून आणला? तू सांगितलंस, आप्पासाहेबांच्या रानाकडेनं. त्या रानात चाऱ्याची ज्वारी कापून झाली होती आणि बुडाला हाताएवढे फुटवे आले होते. कोवळ्या ज्वारीत विष असतं हे आपल्यात तीन वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही. आबा सगळ्यांदेखत म्हणाले, "धनगराच्या पोराला कवळी ज्वारी कळंना, त्यानं काठी धरू न्हाय."

तू एवढंच म्हणालास, "म्या त्यास्नी तोंड घालू दिलं न्हाय." मग आबांनी विचारलं, "एकबी न्हाय? शपथ घे." आणि तू गप्प झालास. कारण साठ मेंढरांतल्या एकीनंही घास ओढला नाही अशी शपथ कुणीच खरा माणूस घेणार नाही. तू खरा होतास म्हणून गप्प बसलास आणि सगळ्यांनी त्याचा अर्थ उलटा घेतला.

राहिलेला कळप आठवड्यात विकला. तू काठी कोपऱ्यात ठेवलीस आणि मामांच्या हाताखाली राबायला गेलास.

दादा, ज्वारी नव्हती. आज एवढंच लिहवतं. ज्वारी नव्हती.

सारजा


डाळज
२७ ऑक्टोबर २०२४

दादा,

हे पत्र आधी शेवटपर्यंत वाच, मग काय वाटायचं ते वाटून घे. घाई आहे.

शुक्रवारी मी काटेवाडीला होते. घरी आले तर बागेत वास. आबांनी सगळी बाग फवारली आहे. दसऱ्यापर्यंतचा शब्द त्यांनी पाळला होता, वर तेरा दिवस जास्त दिले. पंप आईनं भरून दिला. बाटली उचलून बघितली. तीच आहे. त्याच रंगाची पट्टी, तेच झाकण.

मी काही बोलायच्या आत आबाच बोलले. "सारजे, दत्तोबाला फोन केला म्या. बाग छाटतोय म्हणलं. पाडव्याच्या आदी कळप घेऊन ये, मुक्काम हितंच कर, सगळा पाला तुजा. आन् सिद्धूला संगं आण." मग जरा थांबून म्हणाले, "रीत मोडली ती मीच मोडली. मीच जोडतो."

दोन वर्षांत मी त्यांचा असा चेहरा बघितला नव्हता. आई चुलीपुढे पाठ करून बसली होती, पण तिचे खांदे हलत होते.

मी म्हटलं, "आबा, फवारलेला पाला घालू नये. बाटलीवर लिहिलंय."

"बाटलीवर लई काय काय लिवत्यात. चार दिसांत वास जातो."

"वास गेला तरी विष राहतं."

"मागल्या येळेला डाक्टर काय म्हणला? फवारणीचा संबंध न्हाय, ज्वारीचं हाय. तूच हुतीस की तितं उभी."

होते. मी तिथंच उभी होते.

दादा, त्या सोमवारी पहाटे विहिरीकडच्या चार ओळी मी फवारल्या होत्या. माझ्या युरियानं पान मऊ झालं, मऊ पानाला माशी आली, माशी मारायला मी बारामतीहून बाटली आणली. आबा यायच्या आत ओळी स्वच्छ करून दाखवायच्या होत्या. छाटणी मंगळवारी होती, मी छाटणी पुढे ढकला म्हणणार होते. तू त्याच दिवशी पाला तोडशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि तू नेमका तिथंच गेलास, कारण जे पान माशीला आवडलं तेच तुझ्या कोकरांना आवडणार होतं. आता माझ्याकडे वही आहे, साठ झाडांचे आकडे आहेत, ते हेच सांगतात. तुझी काही चूक नव्हती. तू बरोबर पान निवडलंस.

मामांना फोन केला. म्हटलं, मामा, पाला घालू नका, फवारलाय. ते म्हणाले, "पोरी, तुज्या आबानं दोन वर्सांनी त्वांड उघडलंय. त्यात तू कोलदांडा घालू नगंस. शिकलीस म्हणून सगळ्यालाच न्हाय म्हणायचं व्हय?" मी सांगायला लागले तोवर त्यांनी "रेंज न्हाय" म्हणून ठेवला.

दीडशे मेंढरं आहेत तुमची. बांध सोडला तर सगळ्या बागेत आता मुकं पान आहे, आणि सगळं फवारलेलं.

कळप आणू नकोस. मामांना हे पत्र वाचून दाखव. मला काय म्हणायचं ते म्हण, पण आणू नकोस.

सारजा


डाळज
३१ ऑक्टोबर २०२४, सकाळ

दादा,

मागचं पत्र परत आलं. कंडक्टरनं काल बारामतीच्या स्थानकात माझ्या हातात ठेवलं. शंभूराज दिवाळीला सासरी गेलाय, गिरणीला कुलूप. मामांचा फोन बंद. म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही.

आज पहिली आंघोळ. आबांनी उटणं लावून घेतलं, नवा पटका बांधला. ते मोरगावला निघाले आहेत, तुम्हाला आणायला, स्वतः. आणि दारात एक भारा बांधून ठेवला आहे. पेरूच्या कोवळ्या शेंड्यांचा, विहिरीकडचा. "रिकाम्या हातानं कसं जायाचं? म्होरच्या मेंढीला माज्या हातानं घालतो," म्हणाले. शेंडे त्यांनी एकेक निवडून तोडले आहेत. मी बघत होते. कानाशी धरून मोडत होते, तुझ्यासारखे. तुला ते कुणी शिकवलं, हे मला आज कळलं.

मी मागच्या पत्रात सगळं लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

त्या दिवशी डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले होते. पहिला तुला, कळप कुठून आणला. दुसरा आबांना, बागेत काही फवारलंय का. आबा इंदापूरहून नुकतेच आले होते, त्यांना काय माहीत? त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सारजे?" सगळं गाव उभं होतं. मी म्हणाले, "नाही."

एवढंच. एका शब्दावर डॉक्टरांनी ज्वारीचं ठरवलं. शिकलेली पोर सांगतेय म्हटल्यावर कुणी पुन्हा विचारलं नाही. मी तो शब्द बोलले तेव्हा सहा गेली होती आणि पाच अजून जिवंत होती. तुझी लाडकी मेंढी बाणी उभी होती, तुझ्या गुडघ्याला डोकं लावून. तिसऱ्या वर्षी वर्गात शिकवलं की त्या औषधावर उतारा असतो, इंजेक्शन असतं, बहुतेक डॉक्टरांच्या बॅगेत असतं. मी तास संपल्यावर सरांना विचारलं, उभ्या असलेल्या जनावराला दिलं तर? ते म्हणाले, वेळेत दिलं तर पुष्कळदा वाचतं.

अकरांतली सहा माझ्या चुकीनं गेली. पाच माझ्या खोटेपणानं.

ज्या शिक्षणासाठी तू पहाटे मला सायकलवर हायवेपर्यंत सोडायचास, त्याच्याच जोरावर माझं खोटं खपलं.

आबा पटका नीट करतायत. मी त्यांच्याबरोबर फाट्यापर्यंत जाणार आहे. तिथं सांगितलं तर ठीक. नाही सांगता आलं तर हे पत्र, मागच्यासकट, त्यांच्याच हातानं पाठवते. त्यांना वाचता येत नाही. ते समोर बसले असताना मोठ्यानं वाच, आणि भाऱ्याला कुणाला तोंड लावू देऊ नकोस.


फाटा, साडेनऊ

सांगितलं.

गाडी येताना दिसली, आबांनी भारा खांद्यावर घ्यायला उचलला आणि मी तो धरला. सोडेना. ते म्हणाले, "अगं, सोड की, गाडी जाईल." मी म्हटलं, "आबा, ज्वारी नव्हती." तिथंच, रस्त्याच्या कडेला, लोकांसमोर सगळं सांगितलं. युरिया, बाटली, पहाट. गाडी आली, थांबली, कंडक्टरनं हाक मारली आणि गाडी गेली.

आबा मैलाच्या दगडावर बसले. भारा त्यांनी माझ्या हातातून काढून पायाशी ठेवला. मग म्हणाले, "डाक्टरनं तुला इचारलं हुतं."

"हो."

"तवा सांगितलं असतंस तर?"

"बॅगेत उतारा होता, आबा. पाच वाचल्या असत्या. कदाचित."

मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "म्या त्याला शपथ घे म्हणलं. माज्या पोराला. चारचौघांत."

मग उठले. समोरच्या टपरीतून कुदळ मागून आणली, नाल्याच्या पलीकडे खड्डा काढला. मला हात लावू दिला नाही. भारा आत टाकला, वर माती, मातीवर दगड. मी पाणी ओतलं, त्यांनी हात तीनदा धुतले. नव्या धोतराला चिखल लागला होता. मला वाटलं आता घरी परत जातील.

ते पुन्हा येऊन दगडावर बसले आहेत. मी चार हात लांब उभी राहून हे लिहितेय.


एसटीत, दुपार

बारामतीला गाडी बदलली. मांडीवर कागद ठेवून लिहितेय आणि गाडी हलतेय, अक्षर लागेल तसं लाव.

फाट्यावर दुसरी गाडी आली तेव्हा मी हे पाकीट त्यांच्यापुढे धरलं. म्हटलं, आबा, हे दादाला द्या. त्यांनी पाकिटाकडे बघितलं, घेतलं नाही. "कागुद कशाला? तुला त्वांड न्हाय व्हय?" आणि दारात पाय ठेवून म्हणाले, "चल."

काऱ्हाटीच्या पुढे माळ लागला, तेव्हा म्हणाले, "त्यानं तुला हाकललं तर मधी पडणार न्हाय मी. आन् मला हाकललं तर तूबी पडू नगंस."

बागेचं काय होईल मला माहीत नाही. पाला सगळा पुरावा लागेल. झाडं राहतील, पुढचं पान घट्ट येईल, तेवढं मी करू शकते. बाकी काही मी करू शकत नाही. आईनं मघा फोन केला होता. तिला अजून काही सांगितलेलं नाही. ती विचारत होती, किती जणांचा स्वयंपाक करू?

मी म्हटलं, सांगते.

दादा, हे पत्र तुझ्या हातात द्यायचं की नाही, ते मी ठरवलं नाही. आधी तोंडानं सांगेन. मग तू मागितलंस तर देईन.

देवळाचा कळस दिसला. उजव्या हाताला माळावर मेंढरं आहेत. आबा खिडकीतून वाकून बघतायत. इतक्या लांबून मला नुसते ठिपके दिसतायत, पण त्यांनी ओळखलं.

"पाठमोरा हाय," म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "उतर."

उतरते.